नुसत्या गाठींची लेस

हुबळीत केशवापुरातल्या आमच्या घरात एकाच ट्रंकेत दोन वस्तू जपून ठेवल्या आहेत. एक आजीचं इरकली लुगडं, पदरावर कसुती भरलेलं. दुसरा आईच्या रुखवतातला रुमाल, चारी बाजूंनी टॅटिंगची लेस लावलेला. हुबळी-धारवाडची कसुती सगळ्यांना ठाऊक आहे, तिला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. टॅटिंग मात्र रुखवताबरोबरच मागे पडलं, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गवंती, मुरगी, नेयगी, मेंथी हे कसुतीचे चार टाके. गवंतीत सुई जाताना एकाआड एक टाका घालते आणि परतताना मोकळ्या जागा भरते, म्हणून नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. गवंती हे नाव कानडी ‘गंटु’वरून, म्हणजे गाठीवरून आलं असं सांगतात, पण कसुतीत गाठ मारलेली चालत नाही. टॅटिंगमध्ये गाठीशिवाय दुसरं काही नसतंच. कापड नाही, सुई नाही. बोटभर लांबीचं, होडीच्या आकाराचं शटल असतं, विणकराच्या धोट्याचं धाकटं भावंडच. त्यात गुंडाळलेला दोरा एवढंच भांडवल.

डाव्या हाताच्या बोटांभोवती दोऱ्याचा फेर घ्यायचा, शटल त्याच्या खालून नेऊन वरून परत आणायचं. ही अर्धी गाठ. आता डाव्या हाताची बोटं सैल सोडायची आणि शटलचा दोरा ताणायचा. गाठ उलटते: मघापर्यंत शटलचा दोरा फेराला विळखा घालून होता, आता फेराचा दोरा शटलच्या दोऱ्याला विळखा घालतो. मग शटल वरून नेऊन खालून आणलं की गाठ पुरी. शिकणारी बाई अडते ती या उलटण्यावर. एक जरी गाठ उलटली नाही, तर वीस गाठी घालून दोरा ओढला तरी फेराची रिंग मिटत नाही. मला हे जमायला तीन आठवडे लागले. ज्या दुपारी पहिली रिंग सरसर मिटली, ती दुपार अजून आठवते.

क्रोशा चुकला तर दोरा ओढला की भराभर उसवतो. टॅटिंगची मिटलेली रिंग उघडायची म्हणजे टाचणीनं एकेक गाठ सैल करत बसायचं, नाहीतर सरळ कात्री. पण तीच गाठ लेसेला टिकवते. एखाद्या ठिकाणी दोरा तुटला तरी बाकीची लेस जागची हलत नाही.

दोन गाठींमध्ये मुद्दाम सोडलेला दोऱ्याचा लहानसा फास म्हणजे पिको. साडीला फॉल-पिको करून घेताना आपण म्हणतो तोच हा शब्द, मूळ फ्रेंच. पूर्वी सुट्या रिंगा सुईनं एकमेकींना शिवत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला विणतानाच पिकोतून जोडायची रीत आली आणि टॅटिंगचा नकाशाच पालटला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये रिएगो द ला ब्रांशार्दिएर या बाईंची टॅटिंगची पुस्तकं निघाली. 1886 साली तेरेझ द दिल्माँ यांनी सुईकामाच्या कोशात त्याला स्वतंत्र प्रकरण दिलं. फ्रेंचमध्ये याचं नाव ‘फ्रिव्होलिते’, म्हणजे थिल्लरपणा. हे नाव मला मुळीच पटत नाही. दहा इंची रुमालाची कड चाळीस इंच. अर्ध्या इंचाला एक रिंग धरली तर ऐंशी रिंगा, रिंगेला वीस गाठी म्हणजे सोळाशे गाठी, आणि प्रत्येक गाठीचे दोन अर्ध. याला थिल्लर कोण म्हणेल? इटालियन नाव जास्त खरं वाटतं: ‘क्याक्येरिनो’, गप्पांशी नातं सांगणारं. हात बसला की डोळे मोकळे होतात, बोलता बोलता काम होतं. बसच्या प्रवासात, दवाखान्याच्या बाकावर, दूध तापेपर्यंत दोन रिंगा होतात. शटल बटव्यात मावतं.

शिकायचं असेल तर दोन रंगांचे जाड दोरे घ्या, एक शटलवर, एक बोटांवर, आणि टोकं एकत्र बांधा. गाठ शटलच्या रंगाची दिसली तर ती उलटलेली नाही. ती तिथल्या तिथे सोडवा, पुढे जाऊ नका.