जिवंत मोरीची किंमत

शाळांच्या सहलींच्या दिवसांत फोंडाघाट उतरणाऱ्या अनेक बसगाड्या मालवणला जातात. सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीचे डॉल्फिन, पाण्याखालची प्रवाळे आणि दुपारच्या ताटात मासे असा बेत असतो. कधी ताटात मोरीचे मटणही येते. मोरी म्हणजे लहान शार्क, हे कळले की मुले चकित होतात. मग प्रश्न पडतो : शार्क ताटात जास्त मोलाचा की पाण्यात?

उत्तरासाठी थोडे जीवशास्त्र पाहू. बांगड्याची मादी एका हंगामात हजारो अंडी घालते आणि तिची पिल्ले एक-दोन वर्षांत वयात येतात. शार्कचे तसे नाही. ग्रेट व्हाइट शार्कची मादी वयात यायला सुमारे तीस वर्षे लागतात, असे अलीकडचे अंदाज आहेत. एका वेळी तिला साधारण दोन ते दहा पिल्ले होतात. आपल्याकडच्या लहान मोऱ्या पुष्कळ लवकर वयात येतात, पण त्यांचीही पिल्ले मोजकीच. बांगड्याच्या मासेमारीत आपण बहुधा व्याज खातो. मोठ्या शार्कच्या बाबतीत मात्र पाहता पाहता मुद्दलाला हात लागतो.

ग्रेट व्हाइट थंड व समशीतोष्ण समुद्रात राहतो. मालवणला तो पाहायला मिळणार नाही. दक्षिण आफ्रिकेने 1991 साली त्याला कायद्याने संरक्षण दिले. तेथील गान्सबाय या मासेमारीच्या गावी, पिंजऱ्यात बसून हा शार्क पाहण्यासाठी जगभरातून पर्यटक येऊ लागले. मारलेला शार्क एकदाच विकला जातो, जिवंत शार्क वर्षानुवर्षे रोजगार देतो. पण 2017 मध्ये तेथे ओर्का शार्कची शिकार करून त्यांचे यकृत खाऊ लागले. उरलेले शार्क तेथून हलले आणि धंदा अडचणीत आला. एकाच प्राण्यावर सारी भिस्त ठेवण्यातला धोका त्यातून दिसला.

आता मालवणकडे येऊ. येथे 1987 मध्ये 29.12 चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. मासेमारीवर बंधने येतील, या काळजीने स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला. ती काळजी रास्तच होती. संरक्षणाचा खर्च जाळे टाकणाऱ्याच्या माथी पडतो आणि आनंद पाहुण्याला मिळतो. पर्यटनाने हा हिशेब काहीसा बदलला. आज येथील अनेक होड्या पर्यटकांना नेतात, कित्येक तरुण पाणबुडीचे मार्गदर्शक झाले आहेत. प्रवाळ जिवंत राहिले तरच उद्या गिऱ्हाईक येणार, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

पण पर्यटनाचा पैसा प्रत्येक होडीपर्यंत पोहोचत नाही. आपल्या किनाऱ्यावर येणारा व्हेल शार्क प्लवक गाळून खातो, माणसाला निरुपद्रवी असतो. 2001 पासून त्याला कायद्याचे संरक्षण आहे. तो जाळ्यात अडकला, तर त्याला सोडण्यासाठी महागडे जाळे कापावे लागते. म्हणूनच महाराष्ट्र शासनाने 2018 मध्ये, संरक्षित प्राणी सोडताना फाटलेल्या जाळ्यासाठी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू केली. कायद्याला अशी जोड मिळाली, की मच्छीमार रक्षक होऊ शकतो.

पर्यटनालाही मर्यादा हव्यात. होडीचा नांगर प्रवाळावर पडला, तर काही क्षणांत झालेली मोडतोड भरून यायला वर्षे लागतात, कारण प्रवाळाच्या कित्येक जाती वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. मासे जवळ यावेत म्हणून पाव-बिस्किटे टाकली, तर त्यांच्या सवयी बदलतात. डॉल्फिनचा चहूबाजूंनी होड्यांनी पाठलाग केला, तर त्यांच्या खाण्यात आणि विश्रांतीत व्यत्यय येतो. हेही मुद्दल खाणेच.

पुढच्या सहलीत विद्यार्थ्यांना तीन प्रश्न देऊन पाहा. नांगर कुठे टाकला? माशांना काही खाऊ घातले का? आपण दिलेल्या पैशांपैकी गावात किती राहिले असतील? उत्तरे वहीत लिहून घ्या आणि परतीच्या वाटेवर, घाट चढताना, त्यांवर चर्चा करा.