टपालाने चालणारे दुकान : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

सूचीपत्रातील वस्तूंची चित्रे, वर्णने व किमती घरी बसून वाचायच्या, मागणी टपालाने कळवायची आणि माल परगावाहून मागवून घ्यायचा, ही खरेदीची पद्धत आजच्या ऑनलाइन बाजाराची पूर्वज मानली जाते. तिचे श्रेय बहुधा एखाद्या कल्पक व्यापाऱ्याला दिले जाते. परंतु रेल्वे, टपाल आणि पैशांच्या देवघेवीची खात्रीची सोय यांवाचून हा धंदा एका मर्यादेपलीकडे वाढू शकला नाही, असे त्याचा इतिहास सांगतो. या विषयातील बहुतेक गैरसमज या सार्वजनिक व्यवस्थांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे रूढ झाले आहेत.

गैरसमज १ : हा धंदा अमेरिकेतील सीअर्स कंपनीने सुरू केला.

वस्तुस्थिती : सीअर्स ही या धंद्यातील सर्वांत प्रसिद्ध पेढी असली, तरी ती उशिरा आली. व्हेनिसचे मुद्रक आल्डस मनुशियस यांनी १४९८ मध्येच आपल्या ग्रीक पुस्तकांची किमतींसह यादी छापली होती. ती केवळ मूल्यसूची होती असे म्हटले, तरी फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४४ मध्ये सुमारे सहाशे पुस्तकांचे जे सूचीपत्र काढले, त्यात दूरच्या ग्राहकाने पैसे व मागणी पाठवल्यास त्याला समोर हजर असलेल्या ग्राहकासारखीच वागणूक मिळेल, अशी ग्वाही दिलेली होती. पुढे वेल्समधील न्यूटाउन येथील कापड-व्यापारी प्राइस प्राइस-जोन्स यांनी १८६१ पासून तेथील प्रसिद्ध फ्लॅनेल, म्हणजे मऊ लोकरी कापड, टपालाने विकण्यास आरंभ केला. राणी व्हिक्टोरिया आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचीही गणना त्यांच्या ग्राहकांत होत असे. अमेरिकेत शेतकऱ्यांसाठी सर्व प्रकारचा माल टपाली मागणीवर विकण्याची पद्धत रुजवली ती शिकागोच्या ॲरन मॉन्टगोमेरी वॉर्ड यांनी. फिरते विक्रेते म्हणून काम करताना, घाऊक व्यापारी आणि गावचा दुकानदार यांच्या हातांतून जाताना मालाची किंमत किती फुगते हे त्यांनी पाहिले होते. १८७२ मध्ये त्यांनी १६३ वस्तूंची एकपानी यादी काढली आणि ‘ग्रेंज’ या १८६७ मध्ये स्थापन झालेल्या शेतकरी संघटनेच्या सभासदांना आपले पहिले ग्राहक केले. रिचर्ड सीअर्स हे १८८६ मध्ये मिनेसोटातील एका लहान रेल्वे स्थानकावर नोकरीस असताना घड्याळांच्या विक्रीकडे वळले, आणि ‘सीअर्स, रोबक आणि कंपनी’ हे नाव १८९३ मध्ये पुढे आले.

गैरसमज २ : मागवलेला माल प्रथमपासून टपालाने घरपोच येत असे.

वस्तुस्थिती : सूचीपत्र आणि मागणीपत्र टपालाने जात असले, तरी अमेरिकेत माल बहुतांशी रेल्वेने अथवा ‘एक्सप्रेस’ म्हणवणाऱ्या खाजगी वाहतूक कंपन्यांमार्फत येई आणि ग्राहकाला तो गाडी जुंपून स्थानकावरून आणावा लागे, कारण टपालखाते चार पौंडांहून जड पुडके स्वीकारत नसे. खेड्यातील घरापर्यंत साधी पत्रे पोहोचवण्याचा प्रयोगसुद्धा १८९६ मध्ये सुरू झाला आणि ती सोय १९०२ मध्ये कायम झाली. ब्रिटनमध्ये १८८३ पासून असलेली पार्सल टपालाची सोय अमेरिकेत १ जानेवारी १९१३ रोजी आली; एक्सप्रेस कंपन्यांनी आणि सूचीपत्रांना भ्यालेल्या गावोगावच्या दुकानदारांनी तिला दीर्घकाळ विरोध केला होता. आरंभी ११ पौंडांची असलेली वजनमर्यादा लवकरच वाढली आणि १९१६ मध्ये या वाढीचा एक अजब परिणाम दिसला. यूटा राज्यातील व्हर्नल या आडगावी बँकेची इमारत बांधताना सॉल्ट लेक सिटीहून सुमारे ८०,००० विटा पार्सलने मागवण्यात आल्या. टपालाचा आकार दोन गावांमधील सरळ अंतरावर ठरत असे, पण प्रत्यक्षात खोकी मोठा वळसा घेऊन, आधी आगगाडीने व शेवटी घोडागाड्यांनी जात. त्यामुळे मालवाहतुकीपेक्षा पार्सल स्वस्त पडले आणि तोटा टपालखात्याच्या माथी आला. यानंतर एका व्यक्तीने दुसऱ्या एका व्यक्तीस दिवसाला २०० पौंडांहून अधिक माल पाठवू नये, असा निर्बंध घालण्यात आला.

गैरसमज ३ : लोक सूचीपत्राकडे केवळ स्वस्ताईसाठी वळले.

वस्तुस्थिती : स्वस्ताईचे आकर्षण मोठे होते, परंतु न पाहिलेल्या दुकानदारावर विश्वास बसल्याशिवाय स्वस्ताईचा उपयोग नव्हता, आणि तो विश्वास सहजासहजी बसला नाही. इतक्या कमी किमती पाहून १८७३ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ने वॉर्ड यांच्या पेढीवर लबाडीचा आरोप केला व नंतर तो मागे घेतला. पुढे १८७५ मध्ये वॉर्ड यांनी, माल पसंत न पडल्यास पैसे परत देण्याची हमी जाहीर केली. छापील किमतीला आणखीही एक अर्थ होता. दक्षिणेकडील राज्यांत वर्णभेदाच्या काळात गावचा दुकानदार कृष्णवर्णीय ग्राहकाला ताटकळत ठेवी आणि उधारीच्या जोरावर मनमानी दर लावी, तर सूचीपत्रातील किंमत सर्वांना एकच असे. अशा ठिकाणी सीअर्सचे मालकच कृष्णवर्णीय आहेत अशी अफवा पसरवली गेली, आणि काही गावांत सूचीपत्रांच्या होळ्याही झाल्या.

गैरसमज ४ : माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय ही ऑनलाइन दुकानांची देणगी आहे.

वस्तुस्थिती : भारतात ही सोय टपालखात्याने १८७७ मध्येच ‘व्हॅल्यू पेएबल पोस्ट’ या नावाने सुरू केली होती. जुन्या मराठी पुस्तकांच्या आणि औषधांच्या जाहिरातींतून वाचकांना परिचित असलेली ‘व्ही. पी.’ ती हीच. या पद्धतीत पोस्टमन ग्राहकाकडून ठरलेली रक्कम घेऊन मगच पुडके त्याच्या हाती देई आणि टपालखाते ती रक्कम विक्रेत्याकडे पोहोचवी. १८८० मध्ये मनीऑर्डरचा कारभार टपालखात्याकडे आल्यावर हे काम आणखी सुलभ झाले. अमेरिकेच्या टपालखात्याने अशी सोय १९१३ मध्ये दिली, यावरून भारतीय व्यवस्थेचे महत्त्व ध्यानात येते. तथापि तिच्यातही धोके होते. ग्राहकाने व्ही. पी. सोडवून घेतली नाही, तर ती परत येऊन विक्रेत्याला टपाल खर्चाचा भुर्दंड बसे. उलट काही ठग कोणी न मागवलेल्या व्ही. पी. पाठवून भोळ्या लोकांकडून पैसे उकळत. त्यामुळे खरोखरीची मागणी आल्यावरूनच वस्तू पाठवत असल्याचे प्रतिज्ञापन पाठवणाऱ्याने करावे, अशी तरतूद १८९८ च्या टपाल कायद्यात आढळते.

गैरसमज ५ : सूचीपत्रांचा अंत इंटरनेटने केला.

वस्तुस्थिती : कालक्रम पाहता हे विधान टिकत नाही. वॉर्ड कंपनीने आपले सूचीपत्र १९८५ मध्ये बंद केले आणि सीअर्सने आपले जाडजूड सर्वसाधारण सूचीपत्र १९९३ मध्ये, तर ॲमेझॉनची पुस्तकविक्री जुलै १९९५ मध्ये सुरू झाली. सूचीपत्राची पकड सैल होण्यास त्याच्या कितीतरी आधी आरंभ झाला होता. मोटारीमुळे शेतकरी स्वतः शहरात जाऊ लागला, हे ओळखून सीअर्सने १९२५ मध्ये पहिले दुकान उघडले, आणि १९३१ पर्यंत कंपनीच्या दुकानांतील विक्रीने टपाली विक्रीला मागे टाकले. लाखो घरी शेकडो पानांचा ग्रंथ छापून पाठवण्याचा खर्च पुढे परवडेनासा झाला, म्हणून ग्रंथ गेला; पार्सलची व्यवस्था मात्र राहिली. नव्या विक्रेत्यांनी यादी संगणकाच्या पडद्यावर आणली, तरी माल पोहोचवण्यासाठी त्यांनाही तिचाच आधार घ्यावा लागला.