वाचून सांगणारी माणसं

मराठी पुस्तक वाचकापर्यंत का पोचत नाही, यावर दर दोन-चार वर्षांनी कुठं ना कुठं परिसंवाद होतो. वितरण, टपालखर्च, कागदाचे भाव, ग्रंथालयांचं रखडलेलं अनुदान ही ठरलेली दुखणी मांडून होतात आणि मग चहा येतो. दुखणी खरीच आहेत. पण ज्याच्या शब्दावर वाचक खिशात हात घालतो, त्या माणसाची आठवण या परिसंवादांत कुणाला होत नाही. स्वतः लिहिणारा, दुसऱ्याचं आवडीनं वाचणारा आणि वाचलेलं चार जणांना सांगितल्याशिवाय चैन न पडणारा असा हा माणूस. मराठी पुस्तक समीक्षकांपेक्षा त्यानंच जास्त जगवलं, असं मी गेली कित्येक वर्षं म्हणत आलो आहे आणि या लेखातही तेच म्हणणार आहे.

जुना काळ भराभर उरकतो. १८६७ साली ‘विविधज्ञानविस्तार’ निघालं, १८७४ साली चिपळूणकरांची ‘निबंधमाला’. नव्या पुस्तकाला मराठीत अभिप्राय मिळू लागला आणि चोपही मिळू लागला. पुढं कित्येक वर्षं मासिकांच्या शेवटच्या पानांवर ‘साभार पोच’ छापून यायची. लेखकाला पुस्तक पोचल्याचं कळे, वाचकाला काहीच कळत नसे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची १९४३ साली प्रसिद्ध केली. एकट्या माणसाचं ते काम पाहिलं की आजही हात जोडावेसे वाटतात. पण सूचीत सगळी पुस्तकं एका रांगेत उभी असतात. त्यातलं कोणतं उचलावं हे तिनं सांगावं, अशी अपेक्षाही चुकीची.

ते सांगायला १९६४ साली ‘ललित’ आलं. गिरगावातल्या मॅजेस्टिक बुक स्टॉलच्या केशवराव कोठावळ्यांनी ते सुरू केलं. पुस्तकविक्रेत्यानं काढलेलं मासिक म्हणून नाकं मुरडणारे तेव्हाही होते. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात मात्र ‘ललित’चा अंक आला की ग्रंथपाल तो आधी स्वतःच्या टेबलावर ठेवून घेत. कानावरची पेन्सिल काढून जाहिराती आणि परीक्षणांच्या समासात बारीक खुणा करत. दोन खुणा म्हणजे घ्यायचंच, एक म्हणजे पैसे उरले तर. हे सगळं झालं की अंक आमच्या हाती पडे, आणि आम्ही आधी उघडत असू ते ‘घटका गेली, पळे गेली’. ‘ठणठणपाळ’ या नावानं जयवंत दळवी साहित्यिकांची जी टोपी उडवत आणि वसंत सरवटे त्यांची जी चित्रं काढत, त्यामुळं लेखक ही हाडामांसाची, रुसणारी, भांडणारी माणसं वाटू लागली. ज्याच्याविषयी हसलो, त्याचं पुस्तक मागावंसं वाटे. दळवींनी टिंगल करून जितकी पुस्तकं वाचायला लावली, तितकी गौरवग्रंथांनी लावली नसतील.

सत्तरच्या दशकात ‘ग्रंथाली’ आली. वाचकच सभासद, सवलतीत पुस्तकं, आणि गावोगाव ग्रंथयात्रा. १९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’ त्यांनी काढलं, १९८० साली लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’. ‘बलुतं’विषयी पु. ल. देशपांड्यांनी मोकळेपणानं लिहिलं आणि ज्या घरांत ते पुस्तक एरवी शिरलं नसतं, तिथंही ते पोचलं. पु. लं.च्या मोठेपणाची गणती करताना ही बाजू आपण फार कमी सांगतो.

गोविंद तळवलकरांचं गोत्र वेगळं. १९६८ ते १९९६ ‘महाराष्ट्र टाइम्स’चे संपादक. रोजच्या अग्रलेखाचं ओझं डोक्यावर असताना हा माणूस ‘वाचता वाचता’ लिहायचा. इंग्रजीतली चरित्रं, इतिहास, रशियाविषयीची जाडजूड पुस्तकं. ती पुस्तकं आमच्या गावात येण्याची शक्यता शून्य. तरी वाचायचो, कारण तळवलकर पुस्तकाचं सार सांगता सांगता त्या विषयाचं दारच उघडून देत. क्वचित मुंबईला जाणं झालं की फोर्टातलं स्ट्रँड बुक स्टॉल आणि फाउंटनच्या फुटपाथवरचे जुनी पुस्तकं विकणारे, एवढीच आमची तीर्थक्षेत्रं. २००५ साली महापालिकेनं फुटपाथ साफ केला, २०१८ साली स्ट्रँड बंद झालं.

आता माझ्या खऱ्या लाडक्या माणसाकडं येतो. सतीश काळसेकर लघुनियतकालिकांच्या चळवळीतले कवी, ‘इंद्रियोपनिषद’वाले. लोकवाङ्मय गृहाच्या ‘आपले वाङ्मय वृत्त’मध्ये त्यांनी ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ लिहिली. खरं म्हणजे प्रकाशनसंस्थेचं ते पत्रक. इतर प्रकाशक अशा पत्रकात फक्त स्वतःची पुस्तकं वाजवतात. काळसेकरांनी त्यात जगभरच्या पुस्तकांना जागा दिली. आज काय वाचलं, ते कुणी सुचवलं, त्यावरून कोणतं दुसरं पुस्तक आठवलं, पुस्तकांविषयीची पुस्तकं, इतर भाषांतलं लेखन. शेजारी बसून बोलावं तसं. कुठंही निवाडा देण्याचा आव नाही. एका पुस्तकाचं टिपण वाचून संपतं तेव्हा वाचकाच्या वहीत तीन नावं लिहिलेली असतात.

‘याला समीक्षा म्हणत नाहीत, ही नुसती शिफारस,’ असं सांगणारी मंडळी विद्यापीठांतून मुबलक भेटतात. त्यांच्या लेखात पुस्तक पहिल्या परिच्छेदात येतं आणि मग सिद्धान्ताच्या गर्दीत हरवतं, ते सापडतच नाही. शिफारस करायला निवड लागते, निवडीला वाचन लागतं आणि वर स्वतःचं नाव पणाला लावावं लागतं. पुस्तक फसलं तर वाचक त्यांना नाही, मला धरतो. काळसेकरांना २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो कवितेसाठी नव्हे, या रोजनिशीसाठी. एवढं सांगितलं की मंडळी विषय बदलतात.

सध्याचं चित्र पाहून मात्र चिडचिड होते. रविवारच्या पुरवण्यांतली पुस्तकांची पानं आटली. प्रत्येक लेखकाच्या हाती फोन आहे, हजारो वाचक एका बोटावर आहेत, आणि तो सांगतो काय? स्वतःच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, स्वतःच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती, स्वतःच्या पुस्तकासोबत फोटो काढलेला पाहुणा. दुसऱ्याच्या पुस्तकाविषयी लिहिलंच तर ‘अप्रतिम! नक्की वाचा’ आणि हात जोडल्याचं चित्र. प्रकाशक कोण, पानं किती, किंमत काय, मिळतं कुठं, याचा पत्ता नाही. हा माझा जुना हट्ट आहे आणि संपादकांना तो ठाऊक आहे: स्थळ-वेळ न छापलेली लग्नपत्रिका आणि प्रकाशकाचं नाव नसलेली शिफारस, दोन्ही सारख्याच.

सगळंच संपलंय असंही नाही. नीतिन रिंढे यांचं ‘लीळा पुस्तकांच्या’ आहे, निरंजन घाटे यांचं ‘वाचत सुटलो त्याची गोष्ट’ आहे. दोघंही स्वतः भरपूर वाचून, हातचं न राखता सांगतात. ज्यांनी वाचली नसतील त्यांनी या दिवाळीत ती मिळवावीत, आणि त्याआधी ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’. ती लोकवाङ्मय गृहानं काढली आहे. आणि लिहित्या मित्रांना एक विनंती: पुढचा महिनाभर स्वतःच्या पुस्तकाविषयी अवाक्षर न काढता दुसऱ्या कुणाच्या तरी एका पुस्तकाविषयी वाचकांना सविस्तर लिहा. प्रकाशकाचं नाव आणि किंमत तेवढी विसरू नका.