सात भुसावळकर आणि एक नाव

भुसावळच्या माणसाला जलविहाराची हौस असावी, हेच मुळी हसण्यासारखे. गावाला तापी आहे, पण ती पुलावरून पाहण्यापुरती. पावसाळ्यात हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडू लागले की तिच्यात होडी घालण्याची कुणाची छाती होत नाही, आणि उन्हाळ्यात खडकांतून ती अशी सरपटते की होडीला जागा राहत नाही. घरच्या नळाचे म्हणाल तर पाण्याचा दिवस आमच्याकडे सणासारखा लक्षात ठेवावा लागतो. तेव्हा गणिताच्या सहकाऱ्यांनी केरळात जाऊन अख्खी नाव भाड्याने घेण्याची कल्पना मांडली, तेव्हा मी ती मराठीचा मास्तर या नात्याने अतिशयोक्ती अलंकारात जमा केली.

पण गेलो, बरे का! गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत. आम्ही तीन जोडपी, आणि सातवे आमच्या गल्लीतले ड्रायव्हरकाका. मालगाड्या हाकण्यात काकांची हयात गेली. काकू गेल्यापासून मात्र ते ओट्यावरून उठत नव्हते. त्यांना आम्ही जवळजवळ उचलूनच मंगला एक्स्प्रेसमध्ये बसवले. भुसावळहून थेट एर्नाकुलम, दोन रात्रींचा प्रवास. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि (हसू नका) केळ्यांचे वेफर्स! केळीच्या देशातून केळीच्या देशात वेफर्स नेणारे आम्हीच पहिले असू.

आलप्पुळाच्या धक्क्यावर नाव पाहिली आणि काका प्रथमच बोलते झाले. तिला तिकडे केट्टुवल्लम म्हणतात. केट्टु म्हणजे बांधणे, वल्लम म्हणजे नाव. नाव खरोखरच बांधलेली! फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, जुन्या पद्धतीत एकही खिळा नाही, वरून काजूच्या टरफलांच्या तेलाचा काळा हात. पूर्वी या नावा भाताची पोती वाहत. पुढे पूल झाले, रस्ते झाले, ट्रक आले आणि नावा किनाऱ्याला कुजू लागल्या. 1990 नंतर कुणाकुणाच्या डोक्यात आले, पोत्यांच्या जागी पाहुणे ठेवावेत. मग खोल्या झाल्या, पंखे आले, वेळूच्या हातांची जागा इंजिनाने घेतली.

विलायतेतही हेच झाले आहे. तिकडच्या कालव्यांतून जेमतेम सात फूट रुंदीच्या नावा घोडे ओढीत आणि कोळसा नेत. आगगाडीने त्यांचा धंदा मोडला. 1944 साली रोल्ट नावाच्या गृहस्थांनी अशाच एका नावेतल्या प्रवासावर पुस्तक लिहिले, लोकांना कालव्यांची ओढ लागली, आणि आज तिथे मित्रमंडळी सुट्टीत स्वतः सुकाणू धरून हिंडतात. हे मी रंगवून सांगितले, तर काका म्हणाले, "म्हणजे प्राध्यापक, आमच्या गाडीने त्यांचे पोट मारले म्हणा की." यावर मला उत्तर सुचले नाही.

नाव वेंबनाड तलावातून कुट्टनाडच्या कालव्यांत शिरली. इथले दृश्य मात्र विसरणे शक्य नाही. आपण पाण्यावर, आणि बांधापलीकडे भाताची शेते आपल्या पायांखाली! समुद्रसपाटीहूनही खाली असलेली जमीन बांध घालून, पाणी उपसून लोक पिकवतात. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांनी याच मातीतल्या मजुरांवर 1948 साली कादंबरी लिहिली. बांध फुटला तर काय, हा प्रश्न आमच्या रसायनशास्त्रवाल्यांनी स्वयंपाक्याला विचारला. त्याने मोडक्या हिंदीत सांगितले की 2018 च्या ऑगस्टात सगळे कुट्टनाड बुडाले होते, आणि माणसे बाहेर काढायला अशा हाउसबोटीही धावल्या होत्या. तोही होता त्यांत. एवढे सांगून तो मासे तळू लागला.

संध्याकाळी नाव किनाऱ्याला बांधली. रात्री कोळ्यांची जाळी पसरतात, म्हणून नावा चालवीत नाहीत. काका चालकाशेजारी जाऊन बसले. एकाला मल्याळम, दुसऱ्याला अहिराणी, तरी दोघांचे तासभर चालले होते. काकांनी हाताने ब्रेक ओढून दाखवला, त्याने वेळू रेटून दाखवला. त्याचे वडील भाताची नाव हाकीत, एवढे काकांना कसे कळले कोण जाणे.

सकाळी ही मला हलवून म्हणाली, "ते पाहा." किनाऱ्यावर हंडे-कळशांची रांग! चहूकडे पाणी आणि बाया पाण्यासाठी उभ्या. स्वयंपाक्याने सांगितले, हे पाणी काही महिने खारट, इतर वेळी शेतातल्या खतांचे, नावांच्या तेलाचे; पिण्याचे पाणी होडीने येते, आणि आज तिला उशीर झाला आहे.

"म्हणजे यांचाही पाण्याचा दिवस असतो," ही म्हणाली.

गणितवाल्यांनी हळूच विचारले, आपल्या नावेतले मोरीचे पाणी कुठे जाते? स्वयंपाक्याने नुसते कालव्याकडे पाहिले. त्या सकाळी आमच्यापैकी चौघांनी अंघोळ केली नाही. काका उठले, नावेवरचा वीस लिटरचा पाण्याचा कॅन खांद्यावर घेतला आणि फळीवरून उतरले. बाया आधी नको म्हणाल्या. मग एका म्हातारीने कळशी पुढे केली. काकांनी तिला आणि मागच्या दोघींना थेंब न सांडता पाणी वाटले. भुसावळच्या माणसाला ते शिकवावे लागत नाही.

आम्ही परतलो त्या रात्री गल्लीत नळ आलेला होता. काकांनी बॅग ओट्यावर टाकली, घरात गेले आणि बऱ्याच महिन्यांनी काकूंचा तांब्याचा हंडा बाहेर काढून रांगेत लावला.