समांतर रेषेचें समीकरण

डहाणू रोड स्थानकाच्या फलाटावर उभें राहून सरळ गेलेल्या रुळांकडे पाहिलें, तर ते दूरवर एकमेकांस मिळाल्यासारखे भासतात. तसे ते खरोखर मिळाले असते, तर गाडी एक मैलही चालली नसती. मुंबई व अहमदाबाद यांस १८६४ सालीं जोडणाऱ्या या मार्गावर दोन रुळांच्या आंतील कडांमध्यें १.६७६ मीटर अंतर असतें. हें अंतर गणितानें कसें राखावें, हें पाहण्यासाठीं श्रोत्यांनीं कागद-पेन्सिल जवळ घ्यावी.

सरळ रेषेचें समीकरण य = मक्ष + क असें मांडतात. क्ष म्हणजे आडवें अंतर, य म्हणजे उभें. आडवें अंतर एकानें वाढलें असतां उभें कितीनें वाढतें, तें ‘म’ सांगतो. त्यास चढ म्हणतात. रेषा उभ्या अक्षास कोठें छेदते, तें ‘क’ सांगतो. समांतर रेषांचा चढ एकच असतो. भेद असतो तो केवळ ‘क’चा. रेषा अगदीं उभी असेल, तर मात्र तिला चढ नसतो; तिचें समीकरण नुसतें क्ष = अमुक असें होतें.

समजा, पहिली रेषा य = (३/४)क्ष + २ अशी आहे, आणि (४, ९) या बिंदूंतून तिला समांतर रेषा काढावयाची आहे. चढ तोच ठेवून बिंदूच्या किमती घातल्या, कीं ९ = ३ + क; म्हणून क = ६. उत्तर: य = (३/४)क्ष + ६.

आतां पहिली रेषा एका रुळाची आंतील कड माना व मापें मीटरांत घ्या. दुसऱ्या रुळासाठीं २ मध्यें सरळ १.६७६ मिळवावे, असें वाटतें. पण तें चूक. ‘क’मधील फरक उभा मोजलेला असतो, रुळांतील अंतर मात्र काटकोनांत मोजावें लागतें. येथें चार मीटर आडवें व तीन मीटर वर गेलें, कीं रुळावरून पांच मीटर चाल होते. म्हणून काटकोनांतील अंतर उभ्या अंतराच्या ४/५ भरतें. तेव्हां उभें अंतर १.६७६ × ५/४ = २.०९५, आणि समीकरण य = (३/४)क्ष + ४.०९५.

नुसते १.६७६ मिळवले असते, तर रेषा समांतर निघाल्या असत्या. परंतु रुळांत सुमारें १.३४१ मीटरच अंतर राहून चाकें त्यांवर बसलीं नसतीं. तलासरीवरून जाणाऱ्या महामार्गाच्या सरळ भागांतील दोन कडांसही हाच हिशेब लागू पडतो. प्रथम चढ कायम ठेवावा, मग अंतर काटकोनांत मोजून ‘क’ ठरवावा.