मोटारसायकल अपघात : कायदा काय सांगतो?

मोटारसायकल हे आज सामान्य कुटुंबाचे वाहन बनले आहे. दूध संकलन केंद्राकडे निघालेला शेतकरी, पाळीवर जाणारा कामगार, गावोगाव फिरणारी आरोग्यसेविका या साऱ्यांचा दिवस दुचाकीवरच सुरू होतो. परंतु या वाहनावरील माणसाभोवती पत्र्याचे कवच नसते. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होत्या.

हे सर्वच मृत्यू मोटारींच्या धडकेने झाले असे नव्हे. तथापि दुभाजकातील मोकळ्या जागेतून एकाएकी उजवीकडे वळणे, समोरून येणाऱ्या दुचाकीचा अंदाज न घेता पुढील वाहन ओलांडणे, मागे न पाहता उभ्या मोटारीचे दार उघडणे, अशा क्षणभराच्या बेपर्वाईतून अनेक अपघात घडतात. मोटारीला पोचा येतो आणि दुचाकीस्वार जायबंदी होतो. त्यानंतर बहुधा ‘आपसात मिटवून टाकू’ अशी बोलणी होतात आणि काही हजार रुपयांवर एका कुटुंबाचा मोठा हक्क सोडून दिला जातो. म्हणूनच या बाबतीतील कायद्याच्या तरतुदी समजून घेणे अगत्याचे आहे.

चालकाचे पहिले कर्तव्य

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३४ अन्वये, अपघात घडविणाऱ्या वाहनाच्या चालकाने जखमी व्यक्तीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांच्या आत, खबर देणे बंधनकारक आहे. मदतीला धावून जाणाऱ्या वाटसरूला कलम १३४-अ चे संरक्षण असल्याने त्याने संकोच करण्याचे कारण नाही. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार जखमीला नियुक्त रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख रक्कम न भरता उपचार घेता येतात.

दोन स्वतंत्र मार्ग

अपघातानंतर कायद्याचे दोन मार्ग खुले होतात. पहिला फौजदारी. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनुसार, बेदरकारपणे वाहन चालविल्यास सहा महिन्यांपर्यंत, त्यामुळे जबर दुखापत झाल्यास तीन वर्षांपर्यंत आणि हयगयीने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते.

दुसरा मार्ग भरपाईचा. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातो. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. न्यायाधिकरणापुढे मात्र चालकाची हयगय अधिक संभवनीय ठरली तरी पुरते. त्यामुळे चालक फौजदारी न्यायालयात निर्दोष सुटला, एवढ्यावरून भरपाईचा दावा निकालात निघत नाही. गाडी पगारी चालक चालवीत असला तरी मालकाची जबाबदारी टळत नाही. तृतीय पक्ष विमा सक्तीचा असल्याने भरपाईची रक्कम सामान्यतः विमा कंपनी देते.

भरपाई कशी ठरते?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ३५ वर्षे वयाचा, स्वतःचा व्यवसाय करणारा, दरमहा २०,००० रुपये मिळविणारा मोटारसायकलस्वार अपघातात मरण पावला. मागे पत्नी, दोन मुले व आई असे चार अवलंबित आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ साली घालून दिलेल्या सूत्रांनुसार भावी उत्पन्नवाढीपोटी ४० टक्के मिळवून उत्पन्न २८,००० रुपये धरले जाईल. मृताच्या वैयक्तिक खर्चाचा एक-चतुर्थांश वजा करता २१,००० रुपये, म्हणजे वर्षाला २,५२,००० रुपये उरतात. या वयोगटाचा गुणक १६ असल्याने ही रक्कम ४०,३२,००० रुपये होते. अंत्यविधी, सहवासाची हानी इत्यादी रकमा वेगळ्या.

अपघातात दुचाकीस्वाराचीही चूक असेल तर तेवढ्या प्रमाणात कपात होते. ती २५ टक्के ठरली तर वरील रक्कम ३०,२४,००० रुपयांवर येईल. शिरस्त्राण वापरणे सक्तीचे आहे आणि ते नसल्यास दंड होतो; पण केवळ तेवढ्या कारणाने धडक देणाऱ्याची जबाबदारी संपत नाही.

चूक कोणाची हे सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूबद्दल ५ लाख व जबर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळू शकतात. परंतु ही रक्कम कायद्यातील तडजोडीच्या पद्धतीने स्वीकारली, तर न्यायाधिकरणापुढील दावा संपुष्टात येतो. म्हणून स्वीकारण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर मृत्यूबद्दल २ लाख व जबर दुखापतीबद्दल ५०,००० रुपयांची तरतूद आहे.

काय करावे?

अपघातस्थळाची छायाचित्रे, मोटारीचा क्रमांक व साक्षीदारांची नावे शक्य तितक्या लवकर मिळवावीत. प्रथम खबर अहवाल, पंचनामा, वैद्यकीय कागदपत्रे, औषधांच्या पावत्या व उत्पन्नाचे पुरावे जपून ठेवावेत. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे द्यावयाचा असतो. तो गेला की नाही, याची चौकशी कुटुंबाने अवश्य करावी. दावा अपघाताच्या किंवा अर्जदाराच्या राहण्याच्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात करता येतो. तो सहा महिन्यांच्या आत दाखल करावा अशी तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली असल्याने दुखवट्याच्या दिवसांतही याचा विसर पडू देऊ नये.

भरपाई ही कोणाची मेहेरबानी नव्हे. घरचा कर्ता गेला तरी मुलांची शाळा सुटू नये आणि आईवडिलांचे औषधपाणी थांबू नये, यासाठी कायद्याने दिलेला तो हक्क आहे. आणि वळण्यापूर्वी आरशात एकवार पाहून क्षणभर थांबणारा मोटारचालक ही सारी कागदपत्रे गोळा करण्याची वेळच कोणावर येऊ देत नाही.