जलशापासून मोबाइलपर्यंत

मुलांच्या हातातील मोबाइलविषयी पालकसभेत तक्रार निघाली नाही, असे अलीकडचे वर्ष आम्हांस आठवत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र या तक्रारीची वंशावळ दिसते. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमाशाचाच घाट घेऊन आंबेडकरी जलसा उभा केला. सारी वस्ती एकत्र बसे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही चळवळ कानांनी कळे. पुढे वामनदादा कर्डक गावोगाव गात फिरले. मग कॅसेट आली आणि प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घराघरांत पोहोचला. गाणे माणसांपासून तुटले, असे तेव्हाचे ज्येष्ठ म्हणत. आम्ही मात्र पेन्सिलीने फीत गुंडाळून त्याच कॅसेटी जपल्या!

आज तीच गाणी विद्यार्थी कानांत इअरफोन घालून एकेकटे ऐकतात. आमचा आक्षेप यंत्राला नाही, या एकटेपणाला आहे. तथापि, वसतिगृहातील एका मुलीने सुटीहून परतताना आजीच्या जात्यावरच्या भीमओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणल्या, तेव्हा आम्ही निरुत्तर झालो. कॅसेटच्या काळात आमच्यापैकी कोणीही त्या आजींपुढे माइक धरला नव्हता.